बाबांचा रॉड विमानानं नेताना

मासे पकडायचा रॉड मासा ओढल्यानं सहसा मोडत नाही. वाकणं हेच त्याचं काम. तो मोडतो चिरडल्यानं, ठेचल्यानं. कार्बनच्या रॉडवर एकदा कडक काही आदळलं, की वरून चरा दिसतो न दिसतो आणि पुढच्या मोठ्या माशाला तो तिथेच तुटतो. फायबरग्लास जड, पण धक्का जास्त सोसतो. दोरा जातो त्या कड्या मात्र दोन्हींत सारख्याच नाजूक.

बाबांचा रॉड फायबरग्लासचा, आठ फुटी, दोन तुकड्यांचा. तो मोठ्या काकांनी दिलेला. काका आता नाहीत. बाळापुरात किल्ल्याखाली मन आणि म्हैस नद्या मिळतात, तिथं दोघं भाऊ गळ टाकून बसायचे. आईच्या उपचारांसाठी घराला कुलूप लावून दोघांना बंगळुरूला आणायचं ठरलं, तेव्हा बाबांनी स्वतःसाठी एवढी एकच वस्तू काढून ठेवली.

"तिकडे नदी हाये काय रे?" त्यांनी विचारलं. मी सामानाच्या मापाकडे वळलो.

अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, पण आम्हाला नागपूरहून थेट बंगळुरू गाठायचं होतं. चेक-इन सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटर ही बऱ्याच कंपन्यांची मर्यादा. रॉडचा एक तुकडा १२२ सेंटीमीटर. दोन्ही टोकांना चार-चार सेंटीमीटर गादी धरली, की केस १३० हवी. उरले २८, त्यात रुंदी आणि उंची बसवायची.

कापडी पिशवी गाडीतून न्यायला ठीक. सामानाच्या पट्ट्यावर तिच्यावर कुणाची भलीमोठी बॅग पडली, तर संपलं. लांबी कमी-जास्त होणारी प्लास्टिकची नळी सोयीची, पण सांध्याशी कमजोर. ॲल्युमिनियमची हलकी, पण महाग आणि आमच्या मापाची मिळेना. शेवटी चुलतभावाच्या शेतातला ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कापून घेतला. झाकणांसकट जाडी दहा सेंटीमीटर धरली, तरी बेरीज दीडशे.

बाहेरच्या कवचापेक्षा आतली हालचाल महत्त्वाची. आत रॉड खडखडला, तर पाइपच त्याला मारतो. म्हणून आईच्या जुन्या लुगड्याच्या दोन लांब खोळा शिवल्या. तुकडे उलटसुलट ठेवले, म्हणजे एकाचं नाजूक टोक दुसऱ्याच्या मुठीशी आलं. कड्या आतल्या बाजूला वळवल्या, दोन्ही टोकांना फोम कोंबला. रीळ काढून कपड्यांत गुंडाळलं. गळ टोकदार, म्हणून डबीत घालून चेक-इनच्याच बॅगेत. हातातल्या सामानात नाही.

एक झाकण सोल्युशननं कायमचं चिकटवलं. दुसरं आट्यांचं ठेवलं, कारण तपासणीत उघडावं लागलं, तर पाइप कापायची वेळ येऊ नये. नाव आणि फोन नंबर दोन्ही टोकांना लिहिले. कंपनीला आधी फोन करून माप सांगितलं.

बंगळुरूत पाइप धडधाकट उतरला. बाबांनी झाकण फिरवून आत डोकावून पाहिलं, हात घालून खोळ चाचपली आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. आता तो दाराआड उभा आहे. परवा मी म्हटलं, पाइप गच्चीवर टाकतो, रॉड भिंतीला लावू.

"राहू दे," बाबा म्हणाले. "जाताना लागन."