ताहो सरोवरावर एक सकाळ

मैत्रिणींनो, मला पाण्याची भारी भीती! लेक दहा वर्षांची असताना पोहायला शिकते म्हणून मागे लागली होती. "मुलीच्या जातीला कशाला हवं ते?" म्हणून मी तिला गप्प बसवलं. तीच लेक अमेरिकेत नोकरीला लागल्यावर पोहायला शिकली आणि मागच्या ऑगस्टमध्ये मला ताहो सरोवरावर घेऊन गेली.

कॅलिफोर्निया आणि नेवाडा राज्यांच्या सीमेवरचं हे सरोवर ३५ किलोमीटर लांब, १९ रुंद आणि ५०१ मीटर खोल. उंची १,८९७ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही वर! दुपारी वारा सुटतो म्हणून आम्ही सकाळीच मोटारबोट घेतली. एमराल्ड बे या चिंचोळ्या खाडीत पाणी अगदी पाचूसारखं. सरोवरातलं एकुलतं एक बेट इथंच आहे.

इथं पाण्याखाली गेल्या शतकातले बुडालेले पडाव आहेत. पाणबुड्यांना ते पाहता यावेत म्हणून २०१८ साली पाण्याखाली खास मार्ग आखला गेला. लेक रबरी पोशाख चढवून, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून सोबत्याबरोबर उतरली. जाण्यापूर्वी म्हणाली, "आई, मला वर यायला वेळ लागेल हं. खोल पाण्यात नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईनं वर आलं, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. इथं हवा विरळ, म्हणून जास्तच जपायचं."

मग काय, मी काठाला घट्ट धरून बुडबुडे मोजत बसले! बोटवाल्यानं माझं मन रमवायला एक गोष्ट सांगितली. शास्त्रज्ञ १९६८ पासून इथं दोरीला बांधून पांढरी ताटली पाण्यात सोडतात. तेव्हा ती ३१ मीटरपर्यंत दिसायची, आता जेमतेम वीसेक मीटर. रस्त्यांवरून वाहून येणारी बारीक माती आणि शेवाळ याला कारण. एवढं मोठं सरोवर, पण तेही धुळीनं गढूळतं बरं का!

अखेर लेकीचं डोकं वर आलं. ओठ थंडीनं निळे, पण चेहरा असा फुललेला! थर्मासमधला चहा तिच्या हाती देताना माझेच हात कापत होते.

तुम्ही गेलात, तर लोकरीचं काहीतरी बरोबर ठेवा, अगदी ऑगस्टमध्येसुद्धा. बोटीत लाइफ जॅकेट काढू नका. आणि घरातली मुलगी पोहायला शिकते म्हणाली, तर माझ्यासारखं करू नका.