ठरावाचा कागद

अध्यापकानें राजकारणांत बोलावें कीं नाहीं, या प्रश्नावर माझ्या इतिहासाच्या वर्गांतलीं मुलें सध्या मोठ्या हिरीरीनें भांडत आहेत. निमित्त परक्या देशाचें. १९३६ ते १९३९ या काळांतलें स्पेनचें यादवी युद्ध मीं त्यांना शिकविलें, आणि त्यांतला एक वृद्ध प्राध्यापक त्यांच्या वादाचा धनी होऊन बसला.

मिगेल दे उनामुनो हा सलामांका विद्यापीठाचा कुलगुरु. जुलै १९३६ मध्यें लष्करानें बंड केलें तेव्हां यानें बंडवाल्यांचाच पक्ष घेतला. प्रजासत्ताक सरकारनें त्याला पदावरून काढलें. बंडवाल्यांनीं पुन्हां बसविलें. १२ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या सभागृहांत समारंभ झाला. फ्रँकोची पत्नी, बिशप, जनरल मिलान आस्त्राय अशीं बडीं मंडळी हजर होतीं. एका वक्त्यानें कॅटलन व बास्क लोकांवर यथेच्छ तोंडसुख घेतलें. (हा वक्ता सैनिक नव्हे, प्राध्यापक होता, मुलें नेमकें हेंच विसरतात.) उनामुनो जन्मानें बास्क, वय ७२. तो उठला आणि जिंकणें निराळें, पटविणें निराळें, अशा आशयाचें बोलला. जनरलसाहेब खवळले.

“पण सर, बंड झालें तेव्हां यांची विद्वत्ता कोठें होती?” एका मुलीनें विचारलें. “उशिरा कां होईना, भर सभेंत बोलला ना!” मागच्या बाकावरून उत्तर आलें. तासाची घंटा झाली तरी कोणी हटेना.

ज्या बाणेदार भाषणावर दोन्ही पक्ष तुटून पडतात, तें लुइस पोर्तिल्यो यानें १९४१ सालीं लंडनच्या एका मासिकांत जुळवून लिहिलेलें आहे, आणि तो त्या सभेला नव्हता. त्या दिवसाचा अस्सल पुरावा म्हणजे एक पत्र. अटकेंत पडलेल्या एका पाद्र्याच्या पत्नीनें उनामुनोला तें लिहिलें होतें. त्याच्याच पाठीवर त्यानें सभेंत चार शब्द टिपले. त्या पाद्र्याला डिसेंबरांत गोळ्या घातल्या गेल्या.

माझें मन मात्र अडकतें तें १४ ऑक्टोबरपाशीं. त्या दिवशीं विद्यापीठाचें प्राध्यापकमंडळ भरलें आणि उनामुनोला दूर करावें असा ठराव त्याच्या सहकाऱ्यांनींच केला. फ्रँकोची सही मागाहून झाली. वर्षअखेर, ३१ डिसेंबरला, तो वारला. उनामुनोच्या जागीं स्वतःला कल्पिणें कोणालाही आवडतें. मीं मुलांना म्हटलें, त्या बैठकींतल्या एखाद्या खुर्चीवर बसून पाहा : घरीं बायकामुलें आहेत, गांवांत धरपकड चालूं आहे आणि ठरावाचा कागद फिरत फिरत तुमच्यापाशीं आला आहे.

वर्ग गप्प झाला. मग तीच मुलगी म्हणाली, “सर, तुमच्या बैठकींत कोणत्या ठरावाला कोणीं हात वर केला नाहीं, हें आम्हांला कधीं कळतच नाहीं.”

मुलगी खोटें बोलली नाहीं. आमचीं इतिवृत्तें कपाटांत कुलूपबंद असतात. आणि उघडलीं तरी प्रत्येक ठरावाखालीं ‘सर्वानुमतें’ एवढाच शब्द सांपडतो.