न मिटणारें दार

दार उघडेना म्हणून कष्टी झालेलीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. मिटेना म्हणून रडकुंडीस आलेला गृहस्थ पाहिला तो गेल्या वर्षीं न्यू जर्सींत, आणि तो गृहस्थ म्हणजे आम्ही स्वतःच. चिरंजीवांच्या घरीं आम्ही उभयतां सहा महिने राहावयास गेलों होतों. ते आणि सूनबाई दिवसभर कामावर. चार वर्षांची नात आणि गॅरेजचें दार एवढी इस्टेट आमच्या ताब्यांत.

हें दार आपल्याकडील दुकानाच्या शटरप्रमाणें गुंडाळलें जात नाहीं. पोलादी पत्र्याचे चार आडवे पट्टे बिजागऱ्यांनीं जोडलेले असतात. ते कडेच्या रुळांतून वर चढून छताखालीं आडवे निजतात. वरच्या दांड्यावरील पीळ दिलेली जाड स्प्रिंग त्यांचें वजन तोलून धरते, म्हणूनच दीडदोनशे रत्तलांचें तें धूड लहानशा विजेच्या मोटारीनें हलतें. (या स्प्रिंगेस अनाड्यानें हात लावूं नये, सुटलेला पीळ हाड मोडतो. आम्ही बरेच अनाडी आहों, परंतु इतके नाहीं.)

दिवाळीपर्यंत सर्व ठीक चाललें होतें. पुढें एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं दार वीतभर खालीं आलें, थबकलें आणि पुन्हा वर गेलें. मोटारीवरील दिवा डोळे मिचकावूं लागला. आम्हीं रूळ पुसले, बिजागऱ्यांस तेल घातलें, उंबरठ्यावरचा पाचोळा झाडला. दार आपलें तसेंच. सकाळीं मात्र तें शहाण्या मुलासारखें मिटे. त्यामुळें आमच्या तक्रारींत चिरंजीवांस तथ्य वाटेना. "बाबा, तुम्ही बटण नीट दाबत नसाल," असें ते म्हणाले. हें वाक्य आम्हांस लागलें. ज्यानें चाळीस वर्षें घरचे फ्यूज स्वतः बांधले, त्याला बटण दाबतां येत नाहीं!

भिंतीवरील बटण दाबून धरलें कीं दार निमूटपणें खालीं येतें, हा शोध त्याच रागाच्या भरांत लागला. चार दिवस आम्हीं तेंच केलें. पांचव्या दिवशीं दार अर्ध्यावर आलें असतां अंगणांतला चेंडू घेऊन नात धांवत त्याखालीं शिरली. आमचा अंगठा सुटला. सुटतांच दार उलटें फिरून वर गेलें. तिला कांहीं कळलेंही नाहीं. आम्ही मात्र तेथेंच एका खोक्यावर बसलों.

जमिनीपासून सहा इंचांच्या आंत, दाराच्या दोहों बाजूंस एकेक डोळा बसविलेला असतो. एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो घेतो. किरण तुटला कीं दार मिटत नाहीं. अशा दारांखालीं सांपडून मुलें दगावलीं, म्हणून अमेरिकेंत १९९० सालीं कायदा झाला आणि १९९३ पासून बनणाऱ्या यंत्रांस हा किंवा असाच पहारा सक्तीचा झाला. बटण दाबून धरणें म्हणजे त्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधणें. आम्हीं ती चार दिवस बांधली होती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही चष्मा लावून जमिनीवर पालथे पडलों. कोळिष्टक नाहीं, धूळ नाहीं, डोळे अगदीं समोरासमोर. घेणाऱ्या डोळ्यावरील हिरवा दिवा सकाळीं स्थिर होता. ऊन कलतांच विझला. पुढें आभाळ भरून आलें त्या दिवशीं तो विझलाच नाहीं. मग उलगडा झाला. दार पश्चिमेस, घेणारा डोळा उत्तरेकडील बाजूस, तोंड दक्षिणेकडे. हिवाळ्याच्या तोंडीं सूर्य दक्षिणेस झुकलेला, आणि त्याचें तिरपें ऊन नेमकें त्या डोळ्यांत. इतक्या झगझगाटांत बिचाऱ्याला आपला किरण ओळखूं येईना. जन्मभर पंचांग चाळणाऱ्या माणसास दक्षिणायन आठवावयास इतके दिवस लागावे!

दोन डोळ्यांची अदलाबदल हाही एक उपाय असतो. परंतु तारांच्या वाटेस न जातां आम्हीं उदबत्त्यांच्या पुठ्ठ्याच्या नळीचा चार बोटें तुकडा कापून त्या डोळ्यावर छपरासारखा बसविला. भर उन्हांत दार मिटलें.

चिरंजीवांनीं नळी पाहून शाबासकी दिली. जेवतांना आम्हीं चेंडूची गोष्टही सांगितली. लपवावी असें मनांत येऊन गेलें होतें. सूनबाईंनीं हातांतला घास ताटांत ठेवला, आणि बराच वेळ कोणी बोललें नाहीं. तेव्हांपासून रोज दार मिटण्यापूर्वीं नात एक रिकामें खोकें त्या दोन डोळ्यांमध्यें ठेवी. दार वर फिरलें कीं टाळ्या पिटून खोकें उचली आणि दूर उभी राही. मगच आम्हांस बटण दाबण्याची परवानगी मिळे.

आतां आम्ही पुण्यास परतलों आहों. परवां फोनवर तिनें पहिलें वाक्य सांगितलें तें हें : "आजोबा, आज बाबांनी खोकं ठेवलंच नव्हतं. मी ठेवलं."