वाक कुठे थांबतो

रॉड हातात दिला की माणूस आधी तो हवेत झटकतो. मीही झटकतो, हाताला सवय आहे, आणि दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक जाणकार आहे. झटकून कळतं ते इतकंच, की टोक किती वेळ डुलत राहतं. दोन हेलकाव्यांत थांबलं तर ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती नळी, बरा. पाच-सहा वेळा हललं, तर टोकावर वजन जास्त, नाहीतर कार्बनच्या नावाखाली काच आणि राळ जास्त. पण ज्या एका गोष्टीपायी मी एवढी वर्षं स्वस्तातले रॉड चाळत बसलो आहे, ती झटकून कळत नाही. वाक कुठे थांबतो, ही ती गोष्ट.

पाच ग्रॅमच्या जिगहेडवर रबरी मासळी चढवून ती तिवरांच्या मुळांशी टाकायची तर टोक मऊच लागतं. कडक टोकाला पाच ग्रॅम जाणवतच नाहीत. मग माणूस सगळं मनगटाने रेटतो, ल्यूर पाण्यावर थाडकन आपटतं आणि तिथे असलेलं सगळं पळून जातं. इथवर सोपं आहे. पण त्या मुळांत तांबोशी बसलेली असते. ती ल्यूर घेते आणि त्याच झेपेत घराकडे वळते. अडवायला मिळतो तो जेमतेम एक सेकंद. एवढ्यात मऊ टोकाने पूर्ण वाकून बाजूला व्हायचं आणि भार खालच्या जाड भागाने उचलायचा. ही सोपवासोपवी बिनबोभाट झाली पाहिजे. स्वस्त रॉडमध्ये ती दोन तऱ्हांनी फसते. एक तर रॉड मुठीपर्यंत वाकतच जातो. मासा मुळांत शिरून तंगूस कापतो तरी याचं नमस्कार घालणं चालूच. नाहीतर वरचं हातभर टोक लोळतं आणि तिथून खाली एकदम बांबू. त्या बदलाच्या जागी वाक कोपऱ्यासारखा मोडतो. तुटायचा असला की रॉड तिथेच तुटतो.

यंदा हे सगळं पुन्हा उकरून निघालं ते भाच्यामुळे. कुडाळला नोकरीला लागला आणि पहिल्या महिन्यात माझ्या पडवीत येऊन बसला. "मामा, पाच हजारांत सगळं बसव. रॉड, रील, दोरी, चार ल्यूरं. आणि आईला आकडा सांगू नको." काठीच्या वाट्याला दोन-अडीच हजार येतात, जास्त नाही. मी स्वतः हलक्या रॉडकडे वळलो तो हौसेने नव्हे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. तीस ग्रॅमचे पॉपर भरतीभर फेकणं आता होत नाही. भाच्याचं तसं नाही. त्याला पुलावरून आणि होडीतून दोन्हीकडे चालेल असा एकच रॉड हवा होता. लांबीवर वाद घालत बसलो नाही. सात फूट पुलावर बरा आणि फांद्यांखाली अडचणीचा, साडेसहा घ्यायचा.

खरा प्रश्न पुढेच. रॉडवर छापलेलं असतं: लाइट, फास्ट, ल्यूर 3 ते 12 ग्रॅम. यातल्या 'लाइट'ला जगात कुठलंही समान माप नाही. ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. एका कंपनीचा लाइट दुसरीच्या मीडियम लाइटपेक्षा ताठ निघतो. ग्रॅमचे आकडे त्यातल्या त्यात बरे, पण स्वस्त मालात मी वरच्या आकड्यावरच विश्वास ठेवतो. 3 ते 12 लिहिलेला रॉड बहुतेकदा आठ ग्रॅमपासून जागा होतो. तीन हा आकडा शोभेचा.

म्हणून मी दुकानात नाणी घेऊन जातो. हॅनेमन नावाच्या एका अमेरिकन माणसाने रॉडचा जोर मोजायची साधी रीत काढली: रॉड आडवा पक्का बांधायचा, टोकाला पिशवी लटकवायची आणि लांबीच्या एक-तृतीयांश टोक खाली येईपर्यंत तिच्यात एकेक सेंट टाकत जायचं. 1982 नंतरचा सेंट अडीच ग्रॅमचा. आपल्याकडे 2011 साली आलेल्या नक्षीचा रुपया पावणेचार ग्रॅमच्या थोडा वर भरतो, तो मला पुरतो. दुकानात एक-तृतीयांशपर्यंत जायला कोणी देत नाही, आणि मागू पण नये. मी फक्त दोन रुपये लटकवतो, म्हणजे साडेसात ग्रॅम, आणि टोक किती लवतं ते बघतो. दोन रुपयांनी हललंच नाही तर तो रॉड पाच ग्रॅमसाठी नाही, वर काहीही छापलेलं असो. मग टोकाला दोरी बांधून दुकानातल्या पोऱ्याला हळूहळू ओढायला सांगतो आणि स्वतः बाजूला उभा राहून कमान बघतो. दुकानदार बदलतात, चेहऱ्यावरचा भाव तोच असतो.

घरी मात्र पुरतं वेड. पडवीच्या भिंतीवर खडूने कमानी काढलेल्या आहेत: दहा रुपये, वीस रुपये, मग ताणकाट्याने अर्धा किलो, एक किलो. एका रॉडच्या चार-पाच कमानी एकाखाली एक काढल्या की वाक कुठून कुठे सरकतो ते दिसतं. चांगल्या रॉडमध्ये भार वाढेल तसा कमानीचा पोटाचा भाग मुठीकडे उतरत येतो, सावकाश, कुठे न अडखळता. एक किलोवर पोहोचल्यावर शेवटचा दीडेक फूट सरळ राहिला तर मला समाधान वाटतं. चतुर्थीच्या आधी बायको भिंत रंगवून घेते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करतो. यावर आमच्यात आता बोलणंही होत नाही.

या भिंतीवर मला एक गोष्ट दिसली आणि तिने माझी झोप खाल्ली, ती जोडाची. दोन तुकड्यांच्या रॉडचा जोड बरोबर मध्यावर येतो, आणि तिथे एका नळीवर दुसरी नळी चढलेली असते. नळीची भिंत दुप्पट जाड, म्हणजे तो टप्पा ताठ. वरून उतरत आलेला वाक तिथे थबकतो, पलीकडे उडी मारून पुन्हा सुरू होतो. खडूच्या रेषेत तिथे सपाट जागा दिसते. महागात ही जागा झाकण्यासाठी जोडाभोवतीचं कापड विचार करून गुंडाळतात. स्वस्तात कोण करणार? एकसंध रॉड घ्यावा तर साडेसहा फुटांची काठी घेऊन एसटीत चढून बघा. चार तुकड्यांचे प्रवासी रॉड घेणाऱ्यांना तर मी काही बोलतच नाही. तोडगा एकच सापडला: तुकडे असमान असलेला रॉड शोधायचा, म्हणजे जोड खाली सरकतो, जिथे एरवीही कमी वाकायचं असतं. असे रॉड स्वस्तात क्वचित मिळतात. मिळाले तरी दुकानदार ते 'डिफेक्ट' समजून मागे ठेवतो.

स्वस्तातली दुसरी युक्ती म्हणजे भरीव टोक. पोकळ कार्बनच्या वरच्या भागात भरीव काच बसवतात. तीन ग्रॅमसुद्धा मजेत जातं, गिऱ्हाईक खूश. पण काचेचं टोक बोथट असतं. माशाने ल्यूर चोखून थुंकलं तरी हाताला पत्ता नसतो. आणि काच जिथे कार्बनला मिळते तिथे पुन्हा तोच कोपरा. भरीव कार्बनचं टोक वेगळं, ते चांगलं. पण अडीच हजारांत त्या नावाने जे मिळतं ते नखाने टिचकी मारून बघावं. काच मंद वाजते.

मग उरतं ते टोकावरचं वजन. हे मात्र आपल्या हातात आहे. स्वस्त रॉडच्या वरच्या तीन रिंगा गरजेपेक्षा मोठ्या असतात आणि त्यांच्यावर इपॉक्सीचे गोळे. मी त्या उतरवतो. धार नसलेली पाती, थोडी ऊब, आणि संयम. बारीक रिंगा बसवतो, धागा एकाच थराचा, इपॉक्सी जेमतेम धागा ओला होईल एवढी. काही ग्रॅमचाच फरक, पण तो रॉडच्या सगळ्यात बारीक जागी असतो. पाच-सहा वेळा डुलणारं टोक त्यानंतर तीन वेळांत थांबतं. रिंगा विकत घेताना आतली कडी कापसाने पुसून बघतो. कापसाचा तंतू अडकला तर चीर आहे, आणि त्या चिरेवर PE 1 ची वेणीची दोरी, जी अवघी 0.165 मिलिमीटर जाड, संध्याकाळपर्यंत पिंजून निघते.

कार्बनचा रॉड हजार-दीड हजारात मिळतो हाच मुळात चमत्कार आहे, हे नव्या पोरांना सांगून पटत नाही. 1973 साली अमेरिकेत फेनविकने कार्बनचे रॉड बाजारात आणले तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज चीनमधल्या वेईहाई शहरात रॉडचे कारखानेच कारखाने आहेत आणि त्यातले कित्येक दुसऱ्यांच्या नावांनी माल बनवून देतात. त्यामुळे नावाला किती पैसे मोजायचे हा प्रश्न आपला. '24 टन', '30 टन', '40 टन' हे आकडे धाग्याच्या ताठपणाचे. आकडा मोठा असला की रॉड चांगला, ही समजूत विकणाऱ्यांची. ताठ धागा कमी वापरून रॉड हलका होतो, पण भिंत पातळ झाल्याने ठोसा कमी सोसतो. जिगहेड एकदा नळीवर आपटलं की आतल्या आत चीर जाते आणि महिन्याभराने साध्या फेकीत 'फट्ट'. खाडीवर होडीत, पाय ठेवायला जागा नसताना, मला 24 टनवाला बरा. तो थोडा जड असतो, पण होडीतल्या माणसाला माफ करतो.

मोबाइलवर रॉडची परीक्षणं करणारी पोरं आली आहेत. बोलतात छान. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात डबा, आणि 'सेन्सिटिव्हिटी' हा शब्द दर वाक्याला. वाकवून कोणी दाखवत नाही. वाकवला तर पाण्याच्या बाटलीला दोरी बांधून, तेही रॉड उभा धरून, म्हणजे फक्त टोक वाकतं. सगळे पैसे रीलवर घालवायला सांगतात, बारा बेअरिंगची, तेरा बेअरिंगची. माझं मत उलटं आहे. आधी दोरी, मग रॉड, उरलं तर रील. ड्रॅग सुरळीत सुटत असेल तर चार-पाच बेअरिंगांवर तांबोशी येते.

देवबागेतला एक म्हातारा आम्हा सगळ्यांनाच हसतो. तो अजून लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेल्या तंगुसाने गरवतो. तर्जनीवर तंगूस, बस्स. "हाताक जा कळता, ता काठयेक खय कळतला?" असं तो मला म्हणाला आणि मी दोन-तीन मुद्दे मांडले. त्याने ऐकून घेतले. तो मागच्या उधाणाला माझ्याहून मोठा गोबरा घेऊन गेला होता, हा मुद्दा त्याने मांडलाच नाही.

आता एक सांगून टाकतो. जेटीवर कोणी विचारलं, "कितीचा रॉड?" तर किंमत सांगताना मला जो आनंद होतो तो मासा पकडल्याचा नसतो. समोरच्याच्या हातात आठ हजारांचा असतो आणि मी म्हणतो, "अठराशे." नंतर थांबतो. त्याच्या चेहऱ्यावर ते उतरेपर्यंत थांबतो. यासाठीच मी रॉडवरची नावं पॉलिश पेपरने घासून काढतो. कारण सांगतो की चकचकीत अक्षरं उन्हात चमकतात आणि मासा बिचकतो. मासा कशाला बिचकतोय? घरी माळ्यावर कापडात गुंडाळलेला एक जपानी रॉड आहे, मुलीने परदेशातून आणलेला. त्याच्या कमानीत जोडाची सपाट जागा जवळजवळ दिसत नाही. तो मी पहाटे, कोणी नसताना, नदीच्या वरच्या अंगाला नेतो.

भाच्यासाठी तीन रॉड निवडले, त्यातला एक असमान तुकड्यांचा, मागे ठेवलेला, एकवीसशेचा. नाण्यांच्या परीक्षेत तोच पहिला. रिंगा बदलल्या, भिंतीवर कमानी काढल्या, शेवटचा दीड फूट सरळ. मी खूश. त्याने पुलावर नेला आणि दहा फेकींत कळलं की त्याचा हात माझ्यासारखा नाही. मी रॉडला मागे नेऊन भरू देतो, मग सोडतो. अंगठा दुखत असल्याने तसंच जमतं. तो छोट्या झटक्याने फेकतो, बॅडमिंटन खेळलेला आहे. त्या झटक्याला हे मऊ टोक मागे पडत होतं आणि ल्यूर डावीकडे जात होतं. दुसऱ्या नंबरचा, नाण्यांना दाद न देणारा ताठ रॉड त्याने उचलला आणि पाच ग्रॅम सरळ खांबाच्या पायाशी टाकले. पुन्हा टाकले. रुपये लटकवून मी रॉड मोजतो; फेकणाऱ्या मनगटाचा वेग त्यात कुठेच येत नाही. झटक्याच्या हाताला टोक स्थिर वजनाने नव्हे, वेगाने वाकवलेलं चालतं. मग त्याच्यासाठी किती रुपये लटकवायचे? दोनऐवजी चार? की दोरीच्या टोकाला वजन बांधून झटका मोजायचा?

भाचा ताठ रॉड घेऊन गेला. त्याच्या वरच्या रिंगा मी बदलू का असं विचारलं तर म्हणाला, "मामा, राहू दे ना, मला असाच आवडला." जोडाची सपाट जागा त्याला दाखवली. त्याने बघितली, मान हलवली. एकवीसशेचा मीच ठेवून घेतला. पैसे त्याच्याकडून घेतले नाहीत हे खरं, पण जेटीवर विचारलं तर आता एकवीसशे सांगावे लागतात, हे मला जरा खटकतं आहे.