धूपगडची वाळू

आमच्या विदर्भात पचमढीला कुणी पचमढी म्हणत नाही, ‘महादेवाला जातो’ म्हणतात. नागपंचमीला नागद्वार, महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड. शेजारचे काका यात्रेहून परतले की अब्बा त्यांच्या ओट्यावर बसून डोंगराच्या गोष्टी ऐकायचे. स्वतः कधी गेले नाहीत. यंदा हिवाळ्यात मी अम्मीला घेऊन गेलो, छिंदवाडा-तामियामार्गे.

गोंडवन हा शब्द शाळेच्या भूगोलात पाठ केलेला. आफ्रिका, अंटार्क्टिका, भारत एकत्र होते तो भूखंड. जगभर पोचलेलं हे नाव मुळात इथल्या गोंडांच्या मुलखाचं. हंडी खोहच्या कठड्याशी उभं राहिलं की ते खरं वाटतं. समोर सरळ तुटलेला वालुकाश्माचा कडा, थरावर थर. नद्यांनी वाहून आणलेली ही वाळू 20 कोटी वर्षांहून जुनी. काही थर तिरपे आहेत. पाणी कोणत्या दिशेनं वाहत होतं ते त्यांवरून कळतं. आणि एवढा थोरला दगड, पण अंगठ्यानं घासला की कण हाताला लागतात!

संध्याकाळी जिप्सीनं धूपगडला गेलो. सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक, 1352 मीटर. सूर्य बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. (का वाजवतात, कोण जाणे.) मगरिबची वेळ झाली. बाटलीत अम्मीच्या गोळ्यांपुरतं पाणी उरलेलं, टपरीवाला आवरून गेलेला. मी म्हटलं, “लॉजवर पढू.” खरं कारण पाणी नव्हतं. एवढ्या गर्दीत, सगळ्यांच्या हातात मोबाईल, कोण व्हिडिओ काढेल, खाली काय लिहील, या दिवसांत सांगता येत नाही.

अम्मीनं ऐकलंच नाही. बाजूच्या खडकावर दोन्ही तळवे टेकवले, चेहऱ्यावरून फिरवले; पुन्हा टेकवले, कोपरांपर्यंत हात पुसले. झाला तयम्मुम. गुडघे दुखतात म्हणून त्याच खडकावर बसून तिनं नमाज सुरू केली. मी तिच्या मागे आडोसा करून उभा. तीन रकात एवढ्या लांब मला कधी वाटल्या नव्हत्या. खालून ड्रायव्हरचा हॉर्न वाजत होता.

सलाम फेरून ती उठली. माझा चेहरा बघून म्हणाली, “कौन देख रहा था रे? सब तो अपना फोटो देख रहे थे.”

माझी नमाज लॉजवर झाली, वेळ जेमतेम उरला होता. अम्मीच्या ओढणीला तांबूस वाळू तशीच लागलेली होती.