डोळ्याचा पडदा

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागून असलेला, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे दृष्टिपटल. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडे त्याला कुणी दृष्टिपटल म्हणत नाही. तिथे तो ‘डोळ्याचा पडदा’. ‘पडदा सुटलाय’, ‘शुगर पडद्यावर उतरली’ असे बोलणे दवाखान्याच्या बाकावर ऐकू येते. शब्द सोपा आहे, पण एका बाबतीत फसवा आहे. सिनेमाच्या पडद्यावर चित्र पडते, पडदा स्वतः काही करत नाही. दृष्टिपटल मात्र गर्भावस्थेत मेंदूतूनच फुटून तयार होते आणि आयुष्यभर मेंदूचेच काम करते. कवटी न उघडता, बाहुलीतून थेट पाहता येणारा मेंदूचा भाग हाच. म्हणूनच मेंदू समजून घेऊ पाहणारे अनेक संशोधक इथून सुरुवात करतात.

पहिला धागा रंगाने दिला. अंधारात ठेवलेल्या बेडकाचे दृष्टिपटल जांभळट लाल दिसते आणि उजेडात पाहता पाहता फिके पडते, हे फ्रान्झ बोल यांनी १८७६ मध्ये पाहिले. प्रकाश टिपणारे हेच ते द्रव्य, रोडॉप्सिन. १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टिपटलात ‘अ’ जीवनसत्त्व सापडले. ते आहारात कमी पडले की रोडॉप्सिन पुरेसे बनत नाही आणि दिवेलागणीनंतर माणूस चाचपडू लागतो. रातांधळेपणावर पालेभाज्या खायला सांगतात, त्यामागचे कारण हे.

पुढचा धागा रचनेचा. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवून दृष्टिपटलाचे थर रेखाटले. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी, मधल्या दुवा साधणाऱ्या पेशी, आणि मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या गुच्छिका पेशी. माणसाच्या एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र दहा लाखांच्या आसपास. एवढ्या अरुंद वाटेने सगळे पाठवता येत नाही, निवड करावीच लागते. ती कशी होते, हे १९५३ मध्ये स्टीफन कफलर यांनी मांजरीत दाखवले. गुच्छिका पेशी नुसत्या उजेडाला फारशी दाद देत नाही. मधला ठिपका आणि भोवतालचे कडे यांच्यातला फरक ती कळवते. पुढे बार्लो आणि लेव्हिक यांना सशाच्या दृष्टिपटलात एकाच दिशेच्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. कडा, फरक, हालचाल यांची निवड पडद्यावरच होते.

पेशी अशा तपासण्याचे काम अंधारात चालते. प्राणी आधी काही तास काळोखात ठेवतात. मग अवरक्त प्रकाशात, तो दाखवू शकणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून पाहत, डोळ्याचा पुढचा भाग आणि भिंग काढतात. उरते एक इवलीशी वाटी. तिच्या आतून दृष्टिपटल चिमट्याने अलगद सोडवायचे. ते ओल्या टिश्यू कागदासारखे असते, जरा ओढ बसली की फाटते. प्राणवायू मिसळलेल्या कोमट द्रावात, विद्युतअग्रांच्या जाळीवर ते पसरतात. सगळे नीट जमले तर काही तास ते जिवंत राहते. त्यावर प्रकाशाचा ठिपका सरकवला की ध्वनिवर्धकातून टक्‌टक् ऐकू येते: पेशी बोलते आहे. ते ऐकण्यासाठी हाताला कित्येक महिन्यांची सवय लागते.

प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक रीत उलटी आहे. दंडपेशीत अंधारात विद्युतप्रवाह सतत चालू असतो आणि प्रकाश पडला की तो घटतो. अंधारातही राबणाऱ्या अशा पेशीला ऊर्जा फार लागते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील राजेंद्र आपटे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांवर दाखवले की, ऊर्जाव्यवहाराला लागणारा एनएडी हा रेणू तयार होणे थांबले की प्रकाशग्राही पेशी मरतात आणि दृष्टी जाते.

इथेच पडद्याचा आजार मोतीबिंदूपासून वेगळा होतो. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. गढूळ भिंग काढून नवे बसवले की दिसू लागते. मेंदूचा तुकडा असा बदलता येत नाही. झेब्राफिशमध्ये मेलेल्या पेशी पुन्हा तयार होतात, माणसात होत नाहीत. २०२१ मध्ये बोटोंड रोस्का, होझे-अलँ साहेल आणि सहकाऱ्यांनी एका अंध रुग्णाच्या गुच्छिका पेशींनाच प्रकाश टिपायला लावले आणि विशेष चष्म्याच्या मदतीने त्याला टेबलावरच्या वस्तू हेरता आल्या. सुरुवात मोठी आहे, पण सर्वांपर्यंत पोचायला अवकाश आहे.

तोवर असलेला पडदा सांभाळणे हाच उपाय. मधुमेहात त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बंद पडतात, आणि बरेच दिवस नजर चांगलीच असते. त्यामुळे नजरेवर विसंबून चालत नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करून वर्षातून एकदा पडदा तपासावा. देगलूरच्या माणसाने त्यासाठी नांदेड गाठावे की हैदराबाद, हा सोयीचा प्रश्न. वेळेवर गाठावे, हे महत्त्वाचे.