घाबरण्याचे तिकीट

पदरचे पैसे मोजून कोणी दाढ दुखवून घेत नाही, की पाय मुरगळून घेत नाही. पण पदरचे पैसे मोजून घाबरून घ्यायला मात्र माणसे रांग लावतात. आणि रांग तरी कशी? आमच्या बँकेत पेन्शनच्या दिवशी लागते तिच्या दुप्पट! शिवाय बँकेच्या रांगेत प्रत्येकाच्या कपाळावर आठ्या, आणि आकाशपाळण्याच्या रांगेत प्रत्येकाच्या तोंडावर हसू. वास्तविक पैसे परत मिळण्याची शक्यता बँकेतच जास्त. निदान आम्ही तरी तसे सांगतो.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. जत्रेत पाळणा वर गेला की सौ. डोळे मिटून रामरक्षा म्हणते, चिरंजीव बोंब मारतात, आणि मी मात्र पाळणे किती, पाळण्यात माणसे किती, तासाला फेऱ्या किती, असा मनातल्या मनात गुणाकार करीत असतो. ‘‘अहो, निदान इथे तरी बँक नको!’’ असे सौ. दर वेळी म्हणते. पण खरे सांगू का? या धंद्याचा इतिहास मी वाचला, तेव्हा माझ्या लक्षात आले की तो मुळात हिशेबाच्या वहीतूनच वाचायचा असतो.

न्यूयॉर्कजवळ समुद्रकाठी कोनी आयलंड नावाची जागा आहे. तिथे १८८४ साली ला मार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने लाकडी चढउतारांवरून धावणारी एक गाडी सुरू केली. तिकीट ५ सेंट. वेग? ताशी ६ मैल! म्हणजे आपला दूधवाला सायकल मारतो, त्याहूनही कमी. प्रवासी बाकावर आडवे, बाजूला तोंड करून बसत. एका टोकाला गाडी थांबली की सगळ्यांनी उतरायचे, गाडी दुसऱ्या रुळावर चढवायची, आणि पुन्हा बसून परत यायचे. एवढ्यासाठी लोकांची झुंबड उडाली. आजच्या रोलर कोस्टरचे हे आजोबा. आजोबांच्या काळात घाबरणेसुद्धा किती स्वस्त आणि सावकाश होते पाहा.

पुढे १८९३ साली शिकागोला मोठे प्रदर्शन भरले. कोलंबस अमेरिकेला पोचल्याला ४०० वर्षे झाली म्हणून. आता १४९२ मध्ये ४०० मिळवले तर १८९२ येतात. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तिकडेही चालत असावे. पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल टॉवर उभा राहिला होता, तेव्हा आपणही काही अचाट केले पाहिजे म्हणून जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअराने २६४ फूट उंचीचे चाक उभे केले. ३६ डबे, एका डब्यात ६० माणसे. गुणाकार मी केलेलाच आहे : २१६०. तिकीट ५० सेंट, आणि प्रदर्शनाच्या आत शिरायचेही तेवढेच. चाक तुफान चालले. पण नफ्याच्या वाटणीवरून फेरिसला कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि १८९६ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी तो वारला. त्याच्या अस्थी घ्यायला वर्षाहून अधिक काळ कोणी आले नाही. आमच्या भाषेत ‘अनक्लेम्ड’. दहा वर्षांनी, १९०६ मध्ये, चाकही सुरुंग लावून भंगारात गेले. नाव मात्र जगातल्या प्रत्येक पाळण्याला लागले. व्याज कुणाच्या खात्यात जमा होईल, सांगता येत नाही.

हे चाक पाहायला जॉर्ज टिल्यू नावाचा एक नवरदेव मधुचंद्राला आला होता. बायकोकडे बघायचे सोडून हा चाकाकडे बघत बसला आणि ते विकत घ्यायला निघाला. चाक मिळाले नाही. तेव्हा त्याने त्याच्या निम्म्या आकाराचे चाक बनवायला सांगितले, आणि कोनी आयलंडला जाऊन पाटी ठोकली, की जगातले सर्वांत मोठे चाक इथे उभे राहणार! पाटी वाचून आसपासच्या जागा दुकानदारांनी घेतल्या, त्या पैशात चाकाची सोय झाली. आमच्याकडे असे केले तर निलंबन होते. धंद्यात याला दूरदृष्टी म्हणतात. १९०७ साली याची सगळी बाग जळाली. दुसऱ्या दिवशी गृहस्थ रडत बसला असेल? छे! जळते अवशेष बघायचे १० सेंट, अशी नवी पाटी लागली.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, सगळे लबाडच की हो हे! मीही तसेच म्हणालो असतो. पण याच कोनी आयलंडला, याच पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या गलक्यात, १९०३ पासून एक वेगळा तंबू होता. मार्टिन कूनी नावाचा माणूस तिथे काचेच्या पेट्यांत अपुऱ्या दिवसांची बाळे ठेवी, आणि लोक तिकीट काढून ती बघायला येत. वाचून अंगावर काटा येतो ना? माझ्याही आला. पण पुढे ऐका. त्या काळी बहुतेक इस्पितळांत अशा पेट्या नव्हत्या. अशी बाळे जगायची नाहीतच, असे गृहीत धरले जाई. कूनी आईबापांकडून एक पैसा घेत नसे. दाई, दूध, पेटीची ऊब, सगळा खर्च तिकिटाच्या पैशातून. बाळे किती चिमुकली हे लोकांना कळावे म्हणून एक परिचारिका आपली अंगठी त्यांच्या मनगटात घालून दाखवी. तमाशाच तो, पण त्या तमाशावर दूध येत होते.

कूनी स्वतःला डॉक्टर म्हणवी. पदवीचा कागद मात्र पुढे शोधणाऱ्यांना सापडला नाही. आमच्या बँकेत केवायसीतच अडकला असता! पण ४० वर्षांत त्याच्याकडे सुमारे ८००० बाळे आली आणि त्यांतली ६५०० जगली, असे सांगतात. १९४३ साली न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात अशा बाळांसाठी स्वतंत्र विभाग निघाला, आणि त्याने तंबू बंद केला. दुकान चालेनासे झाले म्हणून नव्हे. काम झाले म्हणून.

हे मला लागायचे कारण असे, की माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सातव्या महिन्यात झाला. वजन १३०० ग्रॅम. ३४ दिवस तो काचेच्या पेटीत होता, आणि आम्ही पाळीपाळीने बाहेर उभे. रोज खिडकीवर बिलाचा कागद मिळायचा. मी घडी करून खिशात ठेवायचो. दिवस किती, दर किती, एकूण किती? आयुष्यात तेवढे ३४ दिवस मी गुणाकार केला नाही.

कूनी १९५० साली वारला, तेव्हा त्याच्या गाठीला फारसे काही नव्हते. म्हणजे ताळेबंद तोट्याचाच. ती ६५०० पोरे कुठल्या बाजूला मांडायची, हे बी.कॉम.ला आम्हाला कोणी शिकवले नाही.

भाचा आता सातवीत आहे. गणितात साफ कच्चा आहे. त्याची आई माझ्याकडे तक्रार घेऊन येते. मामाची मात्र त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही.